फरशी पोकळ वाजतेय, उचलली जातेय? फोडायला घेण्याआधी हे तपासा

डिसेंबर-जानेवारीत मला पहाटेचे फोन येतात. बोलणं जवळजवळ ठरलेलं असतं. "दादा, रात्री हॉलमध्ये मोठा आवाज झाला. सिलिंडर फुटला असं वाटलं. दिवा लावला तर मधल्या फरश्या वर आलेल्या." दुसरी लाट एप्रिल-मे महिन्यात येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागात मी २२ वर्षं फरशी बसवतोय. पूर्वी वर्षाकाठी असं एखादं घर निघायचं. आता नवीन कामाइतकीच ही दुरुस्तीची कामं असतात.

बहुतेक घरांत घबराटीनं चुकीचं पाऊल उचललं जातं. कुणी सगळा हॉल फोडायला काढतं, कुणी तीच फरशी त्याच जागी पुन्हा सिमेंट टाकून दाबून बसवतं. पुढच्या थंडीत ती परत उठते, आणि या वेळी शेजारच्या चार घेऊन उठते. म्हणून काय तपासायचं ते क्रमाने सांगतो. सुरुवातीच्या तपासण्यांना खर्च नाही आणि त्या घरच्या घरी होतात.

आधी लक्षणं

फरशीवर चालताना पायाखाली पोकळ, बद्द आवाज येतो. जड माणूस चालला की एखादी फरशी टकटक करते. सांध्यातलं ग्राउट, म्हणजे सांधा भरायची पेस्ट, भुगा होऊन बाहेर येतं. केर काढताना पांढरी-करडी पूड त्याच त्या जागी रोज सापडते. दोन फरश्यांच्या सांध्यावर कणी उडालेली दिसते, जणू कुणी कडेला नख मारलंय. आणि शेवटची पायरी म्हणजे दोन ओळींमधला सांधा उचलला जातो आणि फरश्या नमस्काराला जोडलेल्या हातांसारख्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात.

ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणं आहेत, फक्त टप्पे वेगळे. पण दोन लक्षणं वेगळ्या दुखण्याची आहेत, ती यात मिसळू नका. एक, सांधे काळे पडणं, पांढरा क्षार फुटणं, मोजे ओले होणं: हे पाण्याचं काम. दुसरं, चार-पाच फरश्या ओलांडून सरळ जाणारी तडा: हा फरशीचा दोष नसतो, खालचं काहीतरी हललेलं असतं.

फरशी उचलली गेली असेल तर आधी एवढं करा. त्या खोलीत मुलं आणि वयस्कर माणसं जाऊ देऊ नका, स्वतः चप्पल घाला. व्हिट्रिफाइड टाइलची, म्हणजे हल्लीच्या गुळगुळीत, भट्टीत भाजलेल्या फरशीची तुटलेली कड काचेसारखी कापते. वर आलेल्या फरशीवर उभं राहून ती खाली बसवायचा प्रयत्न करू नका. ती ताणाखाली असते, फुटून तुकडा उडतो. जाड चिकटपट्टी लावा, भोवती खुर्च्या ठेवा आणि उजेडाची वाट बघा.

पहिली तपासणी: नाणं आणि खडू

दोन रुपयांचं नाणं किंवा स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ घ्या. प्रत्येक फरशी पाच ठिकाणी वाजवा, चार कोपरे आणि मध्य. जिथे आवाज भरीव तिथे काही करू नका. जिथे पोकळ तिथे खडूने फुली मारा. दहा बाय पंधराच्या हॉलला अर्धा तास पुरतो. मग खुर्चीवर उभं राहून वरून फोटो काढा. आता तुमच्याकडे दुखण्याचा नकाशा आहे.

फुल्या कुठे पडल्या यावरून पुढचं सगळं ठरतं. इकडेतिकडे विखुरलेल्या, एकेका कोपऱ्यातच असतील तर कारागिराने माल (फरशीखालचं सिमेंट-वाळूचं मिश्रण) नीट पसरला नव्हता एवढंच. अशा फरश्या वीस-वीस वर्षं काही न होता राहिलेल्या मी बघितल्यात. सांधा घट्ट आहे, कणी उडालेली नाही, पायाखाली हलत नाही, तर नुसत्या आवाजासाठी फरशी काढू नका. हे मी आवर्जून सांगतो, कारण पोकळ आवाजाची भीती घालून अख्खं घर फोडायला लावणारे लोक आहेत. फक्त त्या जागी कपाटाचा किंवा पलंगाचा पाय येऊ देऊ नका.

फुल्या एका रांगेत, खोलीच्या मधोमध किंवा खिडकीजवळ, आणि फरशीच्या पाचही ठिकाणी असतील तर ती पूर्ण सुटलेली आहे. ती अजून वर आली नाही, इतकंच. पुढची तपासणी तुमच्यासाठी.

दुसरी तपासणी: कडेला जागा आहे का

जुनं व्हिजिटिंग कार्ड किंवा एटीएम कार्ड घ्या. जिथे फरशी स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाच्या पट्टीखाली जाते तिथे ते आत सरकतंय का बघा. चारही भिंतींपाशी बघा, दाराच्या पट्टीपाशी बघा, बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या चौकटीपाशी बघा. मग मधल्या सांध्यांकडे या. दोन फरश्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची रेघ आहे की फरशीला फरशी चिकटलेली आहे?

मला उठलेली फरशी दिसते त्या बहुतेक घरांत कार्ड कुठेच शिरत नाही. फरशी भिंतीला भिडवलेली, दाराच्या ग्रॅनाइट पट्टीला भिडवलेली, आणि मधले सांधे केसाएवढे. आणि दर वेळी घरमालक सांगतात, "आम्हीच म्हटलं होतं, जॉइंट दिसता कामा नये." माझं या पोस्टमधलं मुख्य म्हणणं हेच आहे: बिनसांध्याची फरशी मागू नका. ती सुंदर दिसते आणि पुढे तीच फुटते.

याचं कारण समजून घ्या. काँक्रीटचा स्लॅब वाळताना आकसतो. सुरुवातीच्या महिन्यांत जास्त, नंतर वर्षानुवर्षं थोडा थोडा. आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या मानकात डिझाइनसाठी धरलेलं हे आकसणं ०.०००३ आहे, म्हणजे १५ फुटी हॉलमागे जवळजवळ दीड मिलिमीटर. व्हिट्रिफाइड टाइल मात्र भट्टीत भाजलेली असते. तिला ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषता येतं, ती आकसत नाही. खालची जमीन लहान होत जाते आणि वरची फरशी आहे तेवढीच राहते. शिवाय थंडीच्या रात्री स्लॅब फरशीपेक्षा जास्त आकसतो, आणि उन्हाळ्यात खिडकीतून थेट ऊन पडलेली ओळ फुगते. म्हणून माझे फोन या दोन मोसमांत येतात.

दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. मी एकदा कागदावर हिशोब मांडून बघितला. दोन फुटी दोन फरश्या शेजारी शेजारी, दोन्ही टोकांना जाम. त्यांची जागा मिळून फक्त १.३५ मिलिमीटरने कमी केली तर मधला सांधा २८ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून जास्त वर उचलला जातो. उठलेल्या फरशीखाली मी पट्टी धरतो तेव्हा साधारण हेच माप येतं.

मग आजीच्या घरातली शहाबादी कशी कधी उठली नाही? आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चाळीतली मोझॅक? शहाबादी हा दगड, मोझॅक टाइल स्वतःच सिमेंटची. दोन्हींची पाठ खरखरीत आणि पाणी पिणारी, त्यामुळे खालचा माल त्यांना धरून राहतो. शिवाय शहाबादी बसवताना सांधा उघडपणे ठेवला जायचा. तेव्हाचे गवंडी मालाच्या थरावर सिमेंटची रबडी ओतून फरशी ठोकून बसवायचे आणि ते त्या फरशीला योग्यच होतं. चूक झाली ती पुढे. फरशी बदलली, पद्धत तीच राहिली.

तिसरी तपासणी: पाणी कुठून येतंय का

खर्च एका चिकटपट्टीचा. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक घ्या, संशयित जागी अंथरा, चारही कडा टेपने सील करा. किमान १६ तास तसंच ठेवा, म्हणजे संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी बघितलं तरी चालेल. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं किंवा सांधे गडद झाले तर खालून ओल येते आहे. कोरडं राहिलं तर पाण्याचा मुद्दा सोडून द्या.

ओल निघाली तर आधी बाथरूमच्या बाहेरच्या दोन ओळी वाजवून बघा. बाथरूमच्या उंबऱ्याखालून पाणी सरकून हॉलच्या मालात मुरतं, ही नेहमीची वाट. नहाणीची जाळी काढून तिचं तोंड कपड्याच्या बोळ्याने बंद करा, बाथरूममध्ये इंचभर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि २४ तास ठेवा. पाणी रेघेखाली गेलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावर डाग वाढला तर दोष वॉटरप्रूफिंगचा किंवा जाळीखालच्या ट्रॅपच्या जोडाचा आहे. हॉलची फरशी कितीही चांगली बसवलीत तरी ती टिकणार नाही. आधी पाणी थांबवा, ओला माल वाळू द्या, मगच फरशीकडे या.

एक गोष्ट मात्र करू नका. बाथरूमची फरशी स्वतः काढून बघू नका. तिच्याखाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो. छन्नीचा एक घाव चुकला की खालच्या घराशी भांडण सुरू.

चौथी तपासणी: सरळ पट्टी

सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी गवंड्याकडून मागून आणा किंवा पडद्याचा सरळ रॉड वापरा. फरशीवर आडवी, उभी, तिरकी ठेवा. खालून टॉर्च मारा. फक्त उचललेल्या सांध्याजवळ उजेड दिसला तर दुखणं वर सांगितलेलंच, फरशीला जागा नसल्याचं. पण खोलीचा मधला भागच खोलगट झाला असेल, किंवा तडा सरळ रेषेत जाऊन भिंतीवरही चढत असेल, तर इथेच थांबा. पट्टी बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. दारं अचानक घासायला लागली असतील, खालच्या घराच्या छताचं प्लास्टर सुटून सळ्या दिसत असतील तर त्याच दिवशी. मुंबई महापालिकेच्या कायद्यात ३० वर्षांवरच्या इमारतींना नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी बंधनकारक आहे. तुमची सोसायटी त्या वयाची असेल आणि तपासणी झाली नसेल तर फरशीची तडा हे ती मागण्याचं चांगलं निमित्त आहे.

पाचवी तपासणी: एक फरशी काढून तिची पाठ बघा

ही शेवटची, कारण आता तोडफोड आहे. पण तीही एका फरशीचीच.

त्याआधी एक कायद्याची गोष्ट. नवीन फ्लॅटचा ताबा मिळून ५ वर्षं झाली नसतील तर हत्यार उचलू नका. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष या मुदतीत कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. खडूच्या फुल्यांचा फोटो, कार्ड शिरत नाही त्याचा व्हिडिओ आणि तारीख घालून लेखी पत्र द्या. तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. आणि तुम्ही आधीच फोडलंत तर "तुम्हीच फोडलंत" हे उत्तर तयार असतं.

मुदत संपली असेल तर आधीच उचललेली फरशी निवडा. ती निम्मी सुटलेलीच असते. त्या खोलीचा एमसीबी (विजेच्या बोर्डातला मुख्य खटका) बंद करा. आपल्याकडे वायरिंगचे पाइप पुष्कळदा फरशीखालच्या मालातून नेलेले असतात. गॅसची पाइपलाइन किंवा पाण्याचा पाइप तिथून गेला असण्याची शंका असली तरी पुढे जाऊ नका, प्लंबरला विचारा. गॉगल आणि मास्क लावा. फरशी कापताना उडणाऱ्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात कायमची राहते. माझ्याबरोबर काम शिकलेल्या एका कारागिराचा खोकला अजून गेलेला नाही, म्हणून हे मी वारंवार सांगतो. चारही बाजूंचे सांधे ग्राइंडरने मोकळे करून घ्या, मगच पहार लावा. सांधे न कापता एक फरशी उचकटली की शेजारच्या तीन कडेला तुटतात.

आता ती पालथी करा. मागच्या जानेवारीत एका घरी मी असं केलं तेव्हा त्या घरच्या काकू शेजारी उभ्या होत्या. फरशीची पाठ पांढरीशुभ्र. कंपनीचं नाव, बाण, जाळीदार नक्षी, सगळं दुकानातून आणल्यासारखं स्वच्छ वाचता येत होतं. मधोमध तळहाताएवढा सिमेंटचा गोळा, तोही नखाने निघाला. बोट फिरवलं तर बोटाला पांढरी भुकटी लागली. काकू म्हणाल्या, "म्हणजे ही आठ वर्षं नुसती ठेवलेलीच होती?" होय, नुसती ठेवलेलीच होती.

ती भुकटी भट्टीत फरशी रुळांना चिकटू नये म्हणून लावलेली असते. बसवण्याआधी ओल्या फडक्याने किंवा ब्रशने ती काढावी लागते. ती राहिली, किंवा नुसती सिमेंटची रबडी वापरली, की व्हिट्रिफाइड टाइल धरतच नाही.

पाठीला माल चिकटलेला आहे पण मालाचाच थर खालून सुटलाय, हाताने चुरडतोय, वाळूसारखा सांडतोय, तर माल कमकुवत होता किंवा त्याला पाणी मारलं नव्हतं. मग एका फरशीचा प्रश्न उरत नाही, तेवढा पूर्ण भाग काढावा लागतो. माल भक्कम आहे आणि फक्त फरशी सुटलीय, तर दुरुस्ती सोपी आहे.

दुरुस्ती

आधी ताण मोकळा करायचा, मग फरशी बसवायची. क्रम उलटा केला की सगळं वाया. स्कर्टिंग सांभाळून काढा, भिंतीलगत फरशीची ६ ते ८ मिलिमीटर कड कापून काढा, त्या फटीत सिमेंट-ग्राउट न भरता मऊ फोमची दोरी आणि वर सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे रबरासारखा लवचीक माल भरा. स्कर्टिंग परत बसलं की फट दिसत नाही. स्कर्टिंगची खालची कड फरशीला सिमेंटने जखडू नका. दाराच्या पट्टीपाशीही तसंच. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. ताणाखालची फरशी कापताना शेजारची उसळू शकते.

मग जुना माल खरवडून जागा सपाट करा, झाडून पुसून घ्या. टाइल ॲडेसिव्हच्या पोत्यावर आयएस १५४७७ आणि टाइपचा आकडा छापलेला असतो. व्हिट्रिफाइडसाठी टाइप २ किंवा त्यावरचं घ्या. २० किलोचं पोतं ३ मिलिमीटर थराला साधारण ४५ ते ५५ चौरस फूट पुरतं. ते पुरवायला त्यात सिमेंट मिसळणारा कारागीर दिसला तर काम थांबवा. खाचदार थापीने एकाच दिशेने रेघा ओढायच्या, मोठ्या फरशीच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा, आणि पहिली फरशी बसवून लगेच उचलून बघायची. कोरड्या खोलीत पाठीचा किमान ८० टक्के भाग भरलेला हवा, बाथरूममध्ये ९५. पहिली फरशी उचलून दाखव म्हटल्यावर ज्याला राग येतो त्याला काम देऊ नका. ग्राउट २४ तासांनी, आणि तोवर त्यावरून कुणी चालायचं नाही.

फरशीला बारीक भोक पाडून आत सिमेंटचं पाणी सोडणारेही भेटतील. गुळगुळीत पाठीला ते धरत नाही. पातळ इपॉक्सी सोडणं एखाद-दुसऱ्या पोकळ कोपऱ्याला ठीक, पण कडेला जागाच नसेल तर इपॉक्सीही ती थोपवू शकत नाही.

मला न विचारता थांबायच्या जागा

निम्म्याहून जास्त खोली पोकळ निघाली. ओल आहे पण उगम सापडत नाही. तडा भिंतीत शिरली. इमारत पोस्ट-टेन्शन स्लॅबची आहे. या शेवटच्यात खाली ताणलेल्या केबली असतात. तिथे लांब ड्रिल किंवा ब्रेकर लावण्याआधी सोसायटीकडून नकाशा मागा, आणि नकाशा नसेल तर ब्रेकर घरात येऊच देऊ नका.

नवीन फरशी घेणार असाल तर

फरशी गुजरातमधल्या मोरबीची असो की आणखी कुठली, तिच्या भावाइतकंच तिच्या खाली काय जाणार ते ठरवा. ॲडेसिव्ह आणि स्पेसर (सांध्याचं अंतर सारखं ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे) अंदाजपत्रकात लिहून घ्या: २ किंवा ३ मिलिमीटर सांधा, कडेला स्कर्टिंगखाली ६ मिलिमीटर मोकळं. हॉल आणि पॅसेज मिळून सलग लांबी २० ते २५ फुटांपुढे गेली, किंवा थेट ऊन पडणाऱ्या जागी ८ ते १२ फूट झाली, की मध्ये एक लवचीक सांधा ठेवा. तो दाराच्या रेषेत घेतला तर डोळ्याला खुपत नाही. ग्राउटचा रंग फरशीला जुळवा, मग तो दोन मिलिमीटरचा सांधा पाहुण्यांना शोधून सापडणार नाही. जुन्या फरशीवर नवी बसवायची असेल तर पहिली तपासणी आधी करा. पोकळ फरशीवर बसवलेली नवी फरशी तिच्याबरोबरच उठते.

दुकानातून सगळी खोकी एकाच बॅचची, एकाच शेडची घ्या, आणि एक खोकं जास्त घ्या. ते माळ्यावर ठेवा आणि खोक्याचं लेबल फाडू नका. आठ वर्षांनी एका फरशीसाठी मी घरी येतो तेव्हा तीच छटा बाजारात मिळत नाही, आणि एका फरशीपायी अख्खा हॉल बदलायची वेळ येते. ज्या घरी माळ्यावर खोकं असतं तिथलं काम दोन दिवसांत होतं.